पूर्वेकडची काच

“पुसू का, आई? की अजून मुहूर्त बघताय?” शिडीवरून सुनेनं विचारलं. हातातल्या फडक्यातून पाणी टपकत होतं.

“खाली उतर आधी. ऊन बघतेस ना?” सासू म्हणाली.

दोघी बागेत माळीकाम करत. उन्हाळ्यात ऊन अडवायला काचघराच्या काचांना चुना फासायचा आणि थंडी पडली की धुऊन टाकायचा, हे सासूचं वर्षानुवर्षांचं काम. यंदा थंडी पडलीच नव्हती. चुना तसाच राहिला होता आणि त्याच्या सावलीत कुंडीतलं झुडूप फिकट पडत चाललं होतं.

झुडूप उंच डोंगरमाथ्यावरचं. तिथं त्याच्या जातीचं आता एकही उरलेलं नव्हतं. बोचऱ्या वाऱ्यात ऊब टिकावी म्हणून त्याची पानं एकमेकांना चिकटून उशीसारखी गोल झालेली. काचघरही जुन्या लोकांनी ऊब अडवायलाच बांधलेलं. छप्पर बसकं, झरोके नावापुरते. दोघांची घडण थंडीसाठी झालेली, आणि थंडीच नाही. गारव्याचं यंत्र दिवसभर धापा टाकत असे.

“उजेड नाही मिळाला तर मरेल हो ते.”

“आणि मिळाला तर भाजेल.”

“मग करायचं काय?”

“मला काय विचारतेस? सूर्य काय माझा भाचा आहे?”

सून हसली. सासू मात्र झुडपाकडेच बघत राहिली. शेवटी म्हणाली, “पूर्वेकडची काच तेवढी धू. सकाळचं ऊन कोवळं असतं.”

तिच्या आयुष्यभर ते कोवळंच असायचं.

चारच दिवसांत झुडपाची पूर्वेकडची बाजू तपकिरी झाली. सासूनं पानं अलगद फाकवून पाहिली. आतपर्यंत वाळलेलं होतं; बोटांना भुगा लागला.

“तुमचं काही चुकलं नाही, आई.”

“नसेल चुकलं. मेलंच ना पण?”

यंत्र बंद करून टाकलं. आता काचघरात रिकाम्या कुंड्या ठेवतात आणि दार दिवसभर सताड उघडं असतं. सासू कुंडी न्यायला येते. आत पाऊल टाकताच, बाहेरची गरम हवा घुसू नये म्हणून, सवयीनं मागं हात करून दार पटकन ओढून घेते.

सून बाहेर थांबते. दाराला हात लावत नाही.