एकास सत्त्याऐंशी

पंधरा एप्रिलला सकाळी सव्वानऊ वाजता माझे वडील आमच्या पुढच्या खोलीतल्या ट्रामने ऑफिसला गेले, आणि नऊ वाजून एकवीस मिनिटांनी दिवसभराचं काम आटोपून परत आले.

स्कूटर सुरू होत नव्हती. बाबांनी तिला दहा-बारा लाथा घातल्या, एकदा आडवी करून पाहिली, मग हातातला डबा सांभाळत ते आत आले. मी प्लायवूडवर वाकून छत्रीच्या काडीचा रूळ सरळ करत होतो.

"तुझी ती पाटबंधारे ऑफिसवरून जाते का रे?" त्यांनी विचारलं.

"दोन नंबरची जाते. पाचवा थांबा."

"मग थांबव."

मी थांबवली. बाबांनी स्टुलावर पाय ठेवला, दांडी धरली आणि ते चढले. चढताना ते एकोणीस मिलिमीटरचे झाले. पाच फूट पाच इंचांच्या माणसाला तेवढंच व्हावं लागतं. मी नंतर हिशेब करून पाहिला, बरोबर होता.

साताऱ्यात ट्राम कधीच नव्हती. आमच्या गावचे चढ पाहता ती घालायचं धाडस कोणी केलंही नसतं. मुंबईची ट्राम माझ्या जन्माच्या आधीच बंद झालेली. म्हणजे ट्रामचा नाद लागावा असं माझ्या आयुष्यात काहीही घडलेलं नव्हतं, तरी तो लागला. वाचनालयात एक जुनं परदेशी मासिक होतं. त्यातला प्रत्येक फोटो मी इतक्या वेळा पाहिला, की न पाहिलेल्या शहरांतले थांबे मला ओळीने पाठ होते. स्वतःच्या आत्याचं घर मात्र दरवेळी विचारत जावं लागे.

मॉडेल आणि खेळणं यांत फरक कशाचा, तर प्रमाणाचा. आमचे चित्रकलेचे होनराव सर सांगायचे, "प्रमाण एकदा धरलं की सोडायचं नाही. घर पडलं तरी चालेल." मी धरलं. ट्राम, दिव्यांचे खांब, चौकात बसलेली म्हैस, सगळं एकास सत्त्याऐंशी. माणसं बिस्किटांच्या खोक्यांतून कापली आणि एका बाजूने रंगवली. कंडक्टरच्या पाठीवर "पौष्टिक" असं छापलेलं तसंच राहिलं. चौकातल्या मनोऱ्याला आईचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ बसवलं, ते दुरुस्त केलं आणि त्याची चाकं बदलून तेही एकास सत्त्याऐंशीवर आणलं. तिथला पूर्ण दिवस सोळा मिनिटं तेहतीस सेकंदांत उरकायचा. लांबी, रुंदी, उंची आणि वेळ. एकही गोष्ट मी सोडली नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता.

"इतक्यात?" आई म्हणाली. बाबा विसरून गेलेला रुमाल अजून तिच्या हातातच होता. "काय राहिलं?"

"राहतंय कसलं! दिवसभर मान वर केली नाही." बाबांनी तिच्याकडे डबा दिला. तो रिकामा होता. "भेंडी चांगली झाली होती."

पाटबंधारे खात्याची इमारत मी बुटांच्या खोक्याची केली होती. बाहेरून पाटी, खिडक्या, सगळं होतं. आत काहीच केलेलं नव्हतं.

"बाबा, आत काय आहे?"

"पुठ्ठा आहे. पण हवा छान येते." ते खुर्चीत बसले. "माणसं चांगली आहेत रे. एका बाजूने रंगवलेली आहेत, एवढंच. आमच्याकडे तेवढीही नाहीत."

मग त्यांनी घड्याळात पाहिलं. साडेनऊसुद्धा झाले नव्हते. उरलेल्या दिवसाचं करायचं काय, म्हणून ते परत ऑफिसला गेले. त्या दिवशी ते अकरा वेळा ऑफिसला गेले. आईने चौथ्या डब्यानंतर पोहे भरायला सुरुवात केली.

तोवर बाबांनी माझ्या ट्रामकडे अडखळून पडण्यापुरतंच लक्ष दिलं होतं. "मोडीत निघालेल्या गाड्यांचा कसला नाद!" असं ते आल्यागेल्यासमोर म्हणायचे. आता रात्री जेवताना ते विचारत होते, "दोन नंबर वळणावर कुरकुरते का रे?" मी सांगायचो की रूळ थोडा आत घ्यावा लागेल. ते म्हणायचे, "घे. आणि तिसऱ्या थांब्यावर सावली नाही." सोळा वर्षांत आम्ही दोघं एवढं बोललो नव्हतो. मी सावली केली.

आठवडाभराने बाबांनी तिकडेच खोली घेतली. काड्यापेटीच्या चाळीत, वरच्या मजल्यावर.

"येण्याजाण्यात फार वेळ जातो," ते म्हणाले.

"सहा मिनिटं?" आईने विचारलं.

"तुला सहा. मला दिवस आहे तो, शालन."

तेव्हापासून ते वार्षिक रजेवर यायला लागले. तिथलं वर्ष आमच्याकडच्या चार दिवस पावणेपाच तासांचं होतं. म्हणजे दर पाचव्या दिवशी दोन नंबरची ट्राम दाराजवळच्या टर्मिनसला लागायची, बाबा ट्रंक घेऊन उतरायचे, स्टुलावर आले की पूर्ण उंचीचे व्हायचे आणि म्हणायचे, "काय, सगळं ठीक?" आई म्हणायची, "परवाच तर गेलात." त्यावर ते दुखावले जायचे. तास-दीड तास थांबून, चहा घेऊन, तिथली चार-पाच दिवसांची रजा भोगून ते परत जायचे.

खऱ्या ऑफिसात त्यांची खुर्ची रिकामी आहे, हे तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्या आठवड्यात त्यांना बढती मिळाली.

येताना बाबा अर्ज आणायचे. नखाएवढे कागद असत, मी भिंगाने वाचायचो. नागरिकांची विनंती होती की ट्राम मंडईपर्यंत न्यावी. मंडई नव्हती, ती मी केली. मग मंडईपासून नदीपर्यंत मागितली. प्लायवूड मी चार बाय सहाचं आणलं होतं. मे महिन्यात मोजलं तर ते चार बाय अकरा भरलं. खोली मात्र होती तेवढीच राहिली, त्यामुळे आधी दिवाण बाहेर गेला, मग कपाट, मग खुर्च्या. तीन नंबरची गाडी स्वयंपाकघरात शिरली. आई भाताचं पातेलं घेऊन रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघायची.

"उदू, हे घर आहे का स्टेशन?" ती म्हणायची.

"थोडे दिवस गं आई. नदीपर्यंतच न्यायची आहे."

"नदी कुठे आहे?"

मी मोरीकडे बोट दाखवलं.

बाबा तिसऱ्या रजेला आले तेव्हा त्यांना चाळिशी लागलेली होती. चौथीला मिशी पांढरी झाली. सहाव्या रजेला चहा पिताना त्यांचा हात थरथरला. आईने बशी धरली. त्या संध्याकाळी तिने मला विचारलं, "तुझे बाबा किती वर्षांचे रे?"

"चव्वेचाळीस."

"आणि तिथले?"

मी मनातल्या मनात हिशेब केला, पन्नास भरले.

दुसऱ्या दिवशी मी होनराव सरांना घेऊन आलो. सर दारात उभे राहिले, कारण आत उभं राहायला जागा नव्हती. त्यांनी एक डोळा मिटून सगळं शहर पाहिलं, म्हशीचं कौतुक केलं, मग मनोऱ्याकडे बघून विचारलं, "हे घड्याळ असं का पळतंय?"

"प्रमाणात आहे, सर. एकास सत्त्याऐंशी."

"गाढवा," सर म्हणाले, "प्रमाण लांबीला लावतात. वेळेला कोण लावतं?"

"तुम्हीच म्हणालात, सोडायचं नाही."

सरांनी मिटलेला डोळा उघडला. "चित्रकलेत वेळ नसतो रे," ते म्हणाले. "ते माझ्या ध्यानात आलं नाही." जाताना त्यांनी सांगितलं की घड्याळाच्या पाठीमागचा स्क्रू डावीकडे पूर्ण फिरवला की तिथला दिवस आपल्याएवढा होईल. वडील बाहेर असतानाच फिरव, म्हणाले, नाहीतर त्यांची रजा यायला वर्ष लागेल.

सातव्या रजेला बाबा उतरले, तेव्हा मी सोनाराकडून आणलेला बारीक पेचकस घेऊन बसलेलो होतो.

"बाबा, मी घड्याळ सरळ करतोय. तुम्ही आता इथेच राहा."

"सरळ म्हणजे?"

"म्हणजे दिवसाला दिवस."

"आणि निवृत्तीला उरलेली सात वर्षं खरी काढू?" बाबा उभे राहिले. "अरे, चार दिवसांत एक वर्ष उरकतंय. सर्व्हिसमधल्या कुठल्याही माणसाला विचार, असं नशीब कोणाला मिळतं? हात लावायचा नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "तिथे मला रोज खिडकीची जागा मिळते, उदय."

ट्राम माझी होती. कोणाला तरी ती आवडली होती, आणि तो कोणीतरी म्हणजे बाबा होते. मी पेचकस खिशात ठेवला.

वीस जूनला बाबा निवृत्त झाले. सोबत कंडक्टर पोचवायला आला होता, तो टर्मिनसवरच थांबला. पुठ्ठ्याचा हार स्टुलावर आल्यावर बाबांच्या गुडघ्यापर्यंत आला. ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. आई एकोणचाळिसाची होती. अशी दोघं दारात उभी होती आणि भाजीवाली हौसाबाई पायरीवर पाटी उतरवत होती.

"अगं शालन, सासरं कवा आलं गावाकडनं?" हौसाबाईने विचारलं. "त्यांना दोडका चालतो का?"

"चालतो," आई म्हणाली. तिने पाव किलो दोडका घेतला, आत नेऊन ठेवला, आणि पदर खोचून कपाट नसलेल्या खोलीतून आपल्या साड्या काढायला लागली.

"काय करतेस?" बाबांनी विचारलं.

"माझ्यात आणि तुमच्यात पाच वर्षांचं अंतर होतं. आता एकोणीस झालंय. ते मी भरून आणते." तिने ट्रंक उघडली. "चौदा वर्षं. चाळीत तुमची खोली आहेच. त्याआधी मी येणार नाही, चहालासुद्धा नाही. रजेवर येऊन दुखावून जाण्यात अर्थ नाही."

"अगं, पण मी आलो ना आता!"

"आलात. पण मला कोणाची सून म्हणवून घ्यायचं नाही तुमच्याशेजारी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आई, मी घड्याळ सरळ करतो. मग हे अंतर वाढायचंच थांबेल."

"त्यांचं वाढलेलं कमी होईल का?"

"नाही."

"मग हात लावू नकोस." तिने ट्रंकेचं कुलूप लावलं. "पंचावन्न-साठ दिवसांचा तर प्रश्न आहे तुला. डबे दोघांनी मिळून करा. कुकरच्या तीन शिट्ट्या."

तिने जाऊ नये असं मला वाटत होतं. तिने म्हातारी होऊन येऊ नये असंही वाटत होतं. मी स्क्रू फिरवला असता तर ऑगस्टमध्येही ती एकोणचाळिसाचीच राहिली असती, पण तिची चौदा वर्षं खरी चौदा झाली असती. ती परत आली असती तेव्हा मी तीस वर्षांचा झालो असतो. नाही फिरवला, तर ऑगस्टमध्ये दारात एक त्रेपन्न वर्षांची बाई उतरेल आणि मला शाळेबद्दल विचारेल.

सकाळचे दहा वाजले होते. पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट शहरावर येत होतं, मंडईपासून मोरीपर्यंत. आई स्टुलावर चढली. कंडक्टरने हात पुढे केला. ती अठरा मिलिमीटरची झाली, आणि ट्रंकेचं टोक दारात अडकलं ते त्याने आत ढकललं.

बाबा ट्रामला वीज देणाऱ्या एलिमिनेटरच्या बटणापाशी बसले होते. त्यांचा हात कापत होता, त्यामुळे ट्राम आधी थोडी पुढे गेली, मग थोडी मागे.

"सोडू का?" त्यांनी विचारलं.

"थांबा," मी म्हणालो.

"तिला वेळ होतोय तिकडे. आपलं एक मिनिट म्हणजे तिचा दीड तास."

ते खरं होतं. भिंगातून पाहिलं तर आई खिडकीची जागा धरून, ट्रंक मांडीवर घेऊन, दीड तास ताटकळलेल्या माणसासारखी बसली होती. तिने मान बाहेर काढून वर पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं, पण आभाळाकडे बघतात तसं पाहिलं, आणि पुन्हा डोकं आत घेतलं.

"सोडतो," बाबा म्हणाले.

ट्राम निघाली. मी खिशातून पेचकस काढला आणि मनोऱ्याकडे हात लांबवला. तो घड्याळापर्यंत पोचायच्या आतच त्याची सावली चौकावर पडली, मग मंडईवर, मग दोन नंबरच्या सगळ्या मार्गावर, आणि खाली एकामागून एक घरांतून लोकांनी दिवे लावायला सुरुवात केली.