नववं मडकं

फिल्योचा एक जन्मजात दोष होता. काम दिसलं की हात आधी जायचा आणि डोकं मागून सावकाश पोचायचं. पात्रासच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवूनही तो दोष गेला नव्हता. दरवर्षी ईस्टरला ती बोटीने कॉर्फू बेटावर यायची ती इव्हांथियाकडे. दोघींची मैत्री पहिलीपासूनची. तिसरा आर्सेनिस त्यांच्याच वर्गातला, जन्मभर जहाजांची इंजिनं सांभाळून आता गावात एकटा राहणारा, सणासुदीला इव्हांथियाच्या घरी पडीक.

गेली दोन वर्षं मात्र खुब्याच्या ऑपरेशनमुळे फिल्योचं येणं हुकलं, आणि नेमका त्याच काळात इव्हांथियाचा नवरा स्तमातिस गेला. अंत्यविधीलाही फिल्यो येऊ शकली नाही. ते तिला सलत होतं. म्हणून यंदा आल्या दिवसापासून ती घरातलं दिसेल ते काम ओढून घेत होती.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराला चर्चच्या घंटा झाल्या की जुन्या गावातल्या सगळ्या गॅलऱ्यांमधून पाण्याने भरलेली मडकी खाली टाकतात. त्याने वर्षभराची इडापीडा टळते म्हणे. टळते की नाही ते देव जाणे, पण आवाज असा होतो की कान गच्च होतात. आर्सेनिसने बाजारातून मडकी आणून गॅलरीमागच्या, घरातल्या बोळात मांडली होती. फिल्योने ती एकेक करून भरली आणि गळ्यांना लाल फिती बांधल्या. रांगेच्या टोकाला एक मडकं कललेलं होतं. एक कान वर, एक खाली.

"आर्सेनिस, दुकानदाराने तुला चांगलाच गंडवला की रे! काय ध्यान दिलंय बघ," ती ओरडली.

आर्सेनिस गॅलरीतून शेजारणीशी गप्पा छाटत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही. फोडायलाच तर आहे, म्हणून तिने त्या वाकड्यालाही फीत बांधली.

"इव्हांथिया, चल ना बाहेर!"

"तुम्ही उरका गं. मला शेपू निवडायचाय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. नवरा गेल्यापासून या दिवशी ती गॅलरीत पाऊल टाकत नसे.

घंटा झाल्या, खाली बँड सुरू झाला आणि मडकी पडू लागली. एक आर्सेनिस टाकायचा, एक फिल्यो.

"संपली आठही," आर्सेनिसने हात झटकले.

"एक राहिलंय," फिल्यो म्हणाली, आणि तो वळेपर्यंत तिने ते कठड्यावरून सोडलंसुद्धा.

"मी तर आठच आणली होती." आर्सेनिसने आत वळून बोळात पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "फिल्यो, ते वाकडं मडकं टाकलंस?"

"हो. का?"

"अगं बये, ते स्तमातिसचं होतं!"

स्तमातिस कुंभार होता. अर्धांगाने उजवा हात गेल्यावर त्याने नुसत्या डाव्या हाताने, पंधरा दिवस खपून, ते एकच मडकं घडवलं होतं आणि महिनाभरात डोळे मिटले होते. एरवी ते फडताळावर असायचं. सणाच्या साफसफाईत इव्हांथियाने ते बोळात उतरवलं होतं.

फिल्यो कठड्यावरून खाली वाकली.

"हे बघ," आर्सेनिस कुजबुजला, "मी सांगतो की माझा पाय लागला. माझ्यावर चिडायची तिला सवयच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

फिल्यो जिना उतरली. तीन मजले, नवा खुबा. खाली खापरांचा खच पडला होता आणि माणसं शुभ म्हणून तुकडे वेचत होती. सगळे तुकडे सारखेच. त्यात स्तमातिसचे कुठले, काही कळेना. ओळखू आला तो फक्त वाकडा कान. तो एक जाडजूड बाई रुमालात गुंडाळत होती.

"बाई, तेवढा मला द्याल?"

"वा! माझ्या सुनेला सातवा महिना लागलाय. शुभाचा तुकडा कुणी परत देतं का? हे एवढे पडलेत, उचला की."

फिल्योला सगळं सांगता आलं असतं, पण पोटुशी सून ऐकल्यावर तिने मेलेल्या माणसाचं नाव काढलं नाही. "लाभू दे तुमच्या सुनेला," ती कशीबशी म्हणाली आणि रिकाम्या हातांनी परत फिरली.

जिना चढताना तिच्या मनात पाप आलं. बोट परवाचीच होती. दोन दिवस आर्सेनिसची थाप सहज खपली असती. दुसऱ्या मजल्यावर ती दम खायला थांबली, आणि श्वास सावरल्यावरही तशीच उभी राहिली. मग वर येऊन सरळ स्वयंपाकघरात गेली.

"इव्हांथिया, स्तमातिसचं मडकं मी टाकलं. बाजारातलं समजून. तुकडाही मिळाला नाही."

इव्हांथियाने सुरी खाली ठेवली.

"आंधळी आहेस का गं तू? कुंभाराच्या घरात पन्नास वेळा आलीस आणि तुला हातांनी घडवलेलं कळू नये? त्याला माती द्यायला आली नाहीस, आणि आता आलीस ती हे करायला?" ती रडायलाच लागली, मोठ्याने.

दाराशी उभी राहून फिल्योही रडत होती.

बऱ्याच वेळाने इव्हांथियाने नाक पुसलं. "माहीत होतं मला. बाजारातली आठ फुसकन फुटली. नववं पडलं आणि काळीज लक्कन हललं. चाळीस वर्षं त्याची मडकी फुटताना ऐकलीत मी. तो बूड जाड ठेवायचा, आवाज वेगळाच येतो."

"मग तेव्हाच धावत खाली का नाही आलीस?"

"खाली काय होतं? खापरं." तिने शेपूची अर्धी जुडी फिल्योपुढे सरकवली. "नवरा गेलाच होता. तू जिना उतरलीस, आता मैत्रीणही तोंड लपवून जाते की काय, म्हणून जिन्याकडे कान लावून बसले होते."