माईचं लुगडं

भागीरथाला नको तिथे नाक खुपसायची खोड होती. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय इथपासून बगळा एका पायावर किती वेळ उभा राहतो इथपर्यंत तिला सगळं कळायला हवं असायचं. त्या सकाळी ती नवऱ्याचा डबा घेऊन तलावाच्या पाळीवर आली, तेव्हाच एका पाणकावळ्याने डोहात बुडी मारली. सवयीने तिने आकडे मोजायला घेतले. पन्नास झाले, शंभर झाले, तीनशे झाले, तरी पाणकावळा वर आला नाही.

"अजी, पानकावरा बुडाला अना निंगालाच नाही," ती म्हणाली.

"निंगाला असन तिकडे कोठी," चैतराम म्हणाला. त्याने डबा उघडलासुद्धा नाही.

त्याची भूक मेली होती, आणि त्याला कारणही तसंच होतं. चैतराम मच्छीमार सोसायटीचा राखणदार. पाच वर्षं सोसायटी तलावात बोटभर मासोळ्या सोडत होती आणि मोठे मासे काही हाती येत नव्हते. कुंपणच शेत खातंय, अशी कुजबुज गावात सुरू झाली होती. चैतराम गोरेगावच्या बाजारात चोरून मासे विकतो, असं कोणीतरी बोलून गेलं आणि ते चिकटलं. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सभा होती. तिथे त्याची राखण जाणार आणि माथी चोरीचा डाग बसणार, हे ढीवरटोलीतल्या, म्हणजे कोळ्यांच्या वस्तीतल्या, पोराटोरांनाही माहीत होतं.

"मी डोहाकडेच पाहून राहिली होती," भागीरथा म्हणाली. "बाहेर आलाच नाही तो."

"डोहाचा नाव नोको काढू. माईचा आहे तो."

माई म्हणजे तलावाची देवी. तिच्या डोहात बुडालेल्या झाडांचे जुने खुंट होते. तिथे जाळं अडकलं की सुटत नसे. मग दोरी कापायची, नारळ सोडायचा, हात जोडायचे आणि म्हणायचं, 'माईले लुगडा देल्ला.' त्यानंतर त्या जाळ्याचं नाव काढायचं नाही. दिलेल्या लुगड्याची चौकशी करणं शोभतं का? आजा-पणजापासूनची ही रीत होती, आणि होतीही गोड. फक्त माईजवळ एव्हाना किती लुगडी जमली असतील, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

भागीरथाने विचारलं.

"काऊन व?" चैतराम खवळला. "मोजाले जातेस का?"

आता हे तिला म्हणायला नको होतं. विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ शेजारच्या रीताकडे होता. भागीरथाने तो मागितला.

"बालटी पडली का काकी?" रीताने विचारलं.

"पडली, लय खोल पडली. डोंगा घे अना चाल माह्यासंग."

डोंगा डोहावर आला तेव्हा रीता वल्हं थांबवून मागे काठाकडे बघायला लागली. भीती भागीरथालाही वाटत होती, पण काय असेल ही हुरहूर भीतीपेक्षा मोठी होती. तिने हात जोडले.

"माय, चोरी नाही करत व. तुहे लुगडे धुवाले नेऊन राहिलो."

तिसऱ्या खेपेला गळ अडकला. दोघींनी पाय रोवून दोरी ओढली. आधी मेलेला पाणकावळा वर आला, जाळ्यात गुरफटलेला. मागोमाग कासवाची पाठ, खेकडे, माशांचे काटेच काटे, आणि कल्ल्यांनी अडकलेला हातभर लांब रोहू, अजून धडपडणारा. भागीरथाने त्याला सोडवून पाण्यात सोडलं आणि तो गेला त्या दिशेने बघत राहिली. तिला रडू आलं आणि हसूही.

"काकी, हे त आपोआपच मासे धरून राहिले!" रीता ओरडली. "कोनी नाही ओढत, तरी!"

भागीरथाने जाळ्याचा धागा दातात धरून ओढला. तुटला नाही. आज्याच्या वेळची जाळी सुताची, ती वर्षा-दोन वर्षांत सडून जायची. माईचं लुगडं विरायचं. ही नायलॉनची. रीत जुनी राहिली आणि धागा बदलला, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुपारपर्यंत एकात एक गुंतलेली अकरा जाळी निघाली. गावात जाळ्याची वरची कड तरंगती राहावी म्हणून तिला जुन्या चपला-ट्यूबांचे तुकडे बांधतात, त्यामुळे निळे, पांढरे, काळ्या ट्यूबचे असे नाना तऱ्हेचे तुकडे लोंबत होते. आता कोण म्हणेल माझा नवरा चोर? भागीरथाला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात सगळ्यात खालचं, खुंटालाच बिलगलेलं जाळं वर आलं, आणि त्यावर एक गुलाबी तुकडा होता. गुलाबी, वर पिवळं फूल.

तिच्या लेकीची, सोनिकाची ती चप्पल. पोर आठ वर्षांची असताना नवी कोरी घेतली होती आणि चौथ्या दिवशी एक हरवली. पोर रडून रडून झोपली. 'कुत्र्यानं नेली असन,' चैतराम म्हणाला होता. म्हणजे एक तरंग कमी पडला म्हणून यानेच कापली. आणि पहिलं जाळं याचं. बाकीची दहा त्यात अडकत गेली.

हा तुकडा गावात फक्त तिच्याच घरच्यांना ओळखू येणार होता. रीता डोंग्यातलं पाणी उपसण्यात गुंतली होती. भागीरथाने विळ्याने तुकडा कापला आणि कमरेला खोचला.

संध्याकाळी तिने तो चैतरामच्या ताटाशेजारी ठेवला.

"चौदा वर्स मी त्या कुत्र्याले शिव्या देल्ली जी. मेला बिचारा."

चैतरामने हातातला घास ताटात परत ठेवला. तो म्हणाला, "देलेल्या लुगड्याचा नाव घ्याचा नसते."

"लुगडा नोहे तो. फास होय. उद्या मी त काही बोलत नाही. तुमचा तुमी पाहा."

रविवारी जाळ्यांचा ढीग पाळीवर पडला होता. सोसायटीचे अध्यक्ष लीलाधर त्याच्याभोवती दोनदा फिरले.

"मासे कोनं खाल्ले ते दिसूनच राहिला," ते म्हणाले. "चैतराम, तुह्यावर चोरीचा आर घेतला, चुकला आमचा."

झालं. डाग धुतला गेला होता. लोक उठायला लागले. भागीरथा पदराचं टोक चावत नवऱ्याकडे बघत राहिली. आता गप्प बसला तर जन्मभर बसेल, तिला वाटलं.

चैतराम उभा राहिला. त्याने खिशातून गुलाबी तुकडा काढला आणि खुंटाला बिलगलेल्या जाळ्यावर ठेवला.

"सप्पाच्या खालचा माहा," तो म्हणाला. "त्याच्यावरच बाकीचे अडकले. तवाच सांगतलो असतो त... राखन काढाची असन त काढा."

लीलाधर ढिगाकडे गेले, वाकले, आणि काळ्या ट्यूबचा तुकडा उचलून म्हणाले, "हा माहा." मग निळ्या चपलेवाला उठला. मग पांढऱ्यावाला. अकराही जाळ्यांना मालक मिळाले. जाळं गेलं की त्याच दिवशी पाळीवरून ओरडून सांगायचं, असं ठरलं. माईला नारळ चालू ठेवायचा. गळ चैतरामजवळ राहायचा, आणि राखणही.

घरी येऊन भागीरथाने नागपूरला सोनिकाला फोन लावला. "तुही गुलाबी चप्पल सापडली व!"

"कोठी होती माय?"

भागीरथाने फोन नवऱ्याच्या हातात दिला. चैतरामने पोरीला सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि शेवटी नाक पुसलं. भागीरथा फोनला कान लावून होती; पलीकडून हसू ऐकू आलं.

"बाबू, दुसरी म्या रागानं तलावातच फेकली होती."

"कोठी?" भागीरथाने फोन हिसकावला आणि दुसऱ्या हाताने गळ उचलला.