टोपल्याखालची लव्हाळी

मी बोलतेय, पण मोठ्याने बोलता येत नाही. माझ्यावर वांग्यांचं टोपलं पालथं घातलंय आणि बाहेर फवारणीचा पंप चालू आहे. आवाज जवळ जवळ येतोय. तो पुढे सरकेपर्यंत माझी गोष्ट ऐका.

मी एक लव्हाळी. चांदूर बाजारजवळ देवीदास यांचा भाजीचा मळा आहे. तिथे विहिरीशेजारच्या हौदाला तडा गेलाय. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर मी जन्मले. बी कुठून आलं ठाऊक नाही, एखाद्या बगळ्याच्या पायाला चिकटून आलं असेल. माझ्यासारखीच आणखी दोन ठोंबं शेजारी उगवली. त्यांना मी बहिणी म्हणते. दगडावर शेवाळ आणि शेवाळात तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगायी, असा आमचा शेजार.

माणसांना आम्ही दिसत नाही. दिसलो तर तण म्हणतात. वाघासाठी मेळघाटात सेमाडोहला गाड्या भरभरून जातात. माझ्यासाठी आजवर एकाच माणसाने गुडघे टेकले, देवीदासांच्या मुलीने, हर्षाने. ती अमरावतीला कॉलेजात शिकते. शेवाळं, लव्हाळी आणि गोगलगायी यांच्यातल्या दुर्मीळ जाती जिल्ह्यात कुठे कुठे उरल्यात, याची पाहणी तिचा गट करतोय. जात सापडली की नकाशावर एक ठिपका. सुट्टीत घरी आली तेव्हा हौदावरचं शेवाळ बघता बघता तिचं भिंग माझ्यावर आलं. तिने माझा तिधारी दांडा बोटांत फिरवला, तुरा पाहिला आणि श्वासच रोखला. अशी एक जात पूर्वी मेळघाटातल्या ओढ्याकाठी होती म्हणे. गेल्या वर्षी शोधली तर नव्हती. मी तीच असेन, तर अख्ख्या नकाशावर एकच ठिपका, आणि तो या गळक्या हौदाखाली!

पण 'असेन, तर'. आमच्या कुळात नाव बियांवरून लागतं. बी पिकून तपकिरी झालं, की भिंगातून त्यावरची नक्षी दिसते. माझं बी अजून हिरवं आहे.

आणि आज सकाळी देवीदास पाठीवर तणनाशकाचा पंप अडकवून आले.

"बाबा, थांबा! इकडं फवारू नोका."

"काहून?"

"दुर्मीळ हाय ते."

"मोथा हाय तो! तिधारी दांडा, वर तुरा. मोथा नाही तं काय केवडा हाय?"

वांगी तोडणाऱ्या माणिकबाई, हर्षाची आई, तिथूनच म्हणाल्या, "घ्या! लोकाइच्या पोरी अमरावतीत क्लास लावून साहेब होऊन राहिल्या. आपली तण राखाले आली."

"बरं, नाव काय याचं?" देवीदासांनी विचारलं.

हर्षाने माझ्या हिरव्या तुऱ्याकडे पाहिलं.

"सांग ना."

"बी पिकल्यावर समजते, बाबा. दहा-बारा दिवस."

"नावच माईत नाही, अन् राखा म्हणते! मोथ्यानं मांगच्या साली निम्मा कांदा खाल्ला माहा."

त्यांचा राग खोटा नव्हता. मोथा आमच्याच कुळातला. उपटला तरी त्याची गाठ जमिनीत राहते आणि पुन्हा फुटते. पण त्याच्या गुन्ह्याची शिक्षा मला का? नळीचं तोंड आमच्याकडे वळलं.

हर्षा आमच्यापुढे बसली. "मोथ्याले खाली गाठ रायते ना? वासाची?"

"रायते."

"मंग एक खणून पाहा. गाठ निंघाली तं सगळं फवारा."

खुरपं तिनेच उचललं. हात माझ्यावर आला. थांबला. मग शेजारी सरकला.

माझ्या बहिणीच्या मुळाखाली पातं घुसलं. वाचवायला आलेली मुलगी तिलाच खणत होती, कारण आमच्या बाजूने बोलायला तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. मी तिच्यावर रागवू की तिचे आभार मानू?

देवीदासांनी मुळं चुरगाळून नाकाशी नेली. पुन्हा नेली. पांढरी केसाळ मुळं आणि ओली माती, बस्स.

"गाठ नाही," ते म्हणाले. मग, "पण नावबी नाही."

"दोन बजार थांबा, बाबा. दोनच हप्ते."

"एक."

"एवढ्यात नाही पिकत. दोन."

"माह्यासंगच भाव करते? एकच. त्यानंतर इथं वखर फिरन." मग त्यांनी बायकोला हाक मारली, "टोपलं रिकामं कर."

"अन् वांगे?"

"पदराच्या ओट्यात घे!"

आम्हा दोघींवर टोपलं पडलं, त्यावर दगड. खणलेली बहीण नमुना म्हणून हर्षाच्या वर्तमानपत्रात मिटली आहे, हिरव्या बियांसकट.

पंप आता अगदी डोक्यावर आहे. टोपल्याच्या विणीतून एक थेंब आत आला आणि माझ्या बाहेरच्या पानावर पडला. खाली ओघळतोय. हर्षा, टोपलं उचललंस की आधी ते पान तोड. माझा जीव मुळाशी आहे, विष तिथवर जायला नको.

आणि तुम्हाला, ऐकणाऱ्यांना, एवढंच सांगते: ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याला मारायची घाई करू नका. तुमच्या बांधावरही कुणीतरी नाव मिळायची वाट बघत असेल.

आवाज लांब गेला. एक बाजार. हर्षाने दोन मागितले, मिळाला एकच. आता राहिलं ते माझ्या हातात.

पीक गं बी. पीक लवकर.