फ्रीजच्या चपला

आमच्या कडावच्या घरात देव्हाऱ्यापाशी चपला चालत नाहीत आणि फ्रीजपाशी चपलांशिवाय चालत नाही. फ्रीजसमोर निळ्या रबरी चपलांचा जोड कायम मांडलेला. आधी पाय घालायचे, मग दार उघडायचं. शेजारची ललितासुद्धा विरजण न्यायला आली की आधी चपला शोधते.

ही रीत आमच्या ह्यांनी पाडली. फ्रीजची केबल मागच्या पत्र्याला घासून सोलवटली, आतली तांब्याची तार दिसू लागली. पिन तुटली तशी ह्यांनी वायरींची टोकं उघडीच सॉकेटात खुपसली आणि माझ्या अगरबत्तीच्या उरलेल्या काड्या खोचून घट्ट केली. तिसरी, हिरवी अर्थिंगची वायर ह्यांना जास्तीची वाटली. ती कापून दाराचं तोरण बांधलं.

गणपतीत आळीतली उज्वला पंखा बसवायला आली होती. आयटीआय शिकलेली वायरमन. म्हणाली, "काका, उघडी केबल वापरायची नाय, नियम हाय. आणि अर्थिंग कुठं हाय?"

"दोनांवर चालतंय ना? मग तिसरी कशाला? नियम कारखान्यांना गं, घराला नाय."

"अन् शॉक बसला तर?"

"चपला हायेत की!"

नवरात्र बसलं. ते नऊ दिवस आणि दसरा मी अनवाणी असते, तेवीस वर्षांचं व्रत आहे. पहिल्याच सकाळी फ्रीजमधून दूध काढायला गेले, तर कोपरापर्यंत झिणझिण्या. हे म्हणाले, "देवीला सांग, फ्रीजपुरती सूट दे."

मी भांडत नाही. पण दसऱ्याला आमची लेक सोनाली येणार होती, आणि तिची अक्षदा नुकती रांगू लागलेली. तिच्या मापाच्या रबरी चपला कुठून आणायच्या? चार वेळा विचारलं. चारही वेळा उत्तर एकच, "पोरीला कडेवर घ्या."

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रं पुजतात. हे अंघोळ करून, कद नेसून, मोटारसायकल, मिक्सर, शिलाई मशीन असं गंध लावत आले. मागे जावई स्वप्नील घंटा घेऊन. फ्रीजपाशी ह्यांची पावलं थबकली. चपला जागेवर नव्हत्या. त्या मी सकाळीच अंगणात ठेवल्या होत्या.

"माझ्या चपला?"

"पूजेत चपला? अहो, काहीतरीच!"

"मग तूच लाव गंध."

"कर्त्याचा मान आहे तो."

"मामा, लावा ना," स्वप्नील म्हणाला.

"थांब रं जरा. मुहूर्त बघतो."

मुहूर्त सापडेपर्यंत अक्षदा सोनालीच्या कडेवरून घसरली आणि फ्रीजला लावलेल्या झेंडूकडे सुसाट निघाली. गंधाची वाटी टाकून ह्यांनी झेप घेतली, पोरीला उचललं आणि ओरडले, "मेन पाड रं! करंट उतरलाय त्याच्यात!"

"कशात?" जावयाच्या हातात घंटा तशीच.

"फ्रीजमध्ये! कधीचा उतरतोय!"

मेन स्विच मीच पाडला.

उज्वला तासाभरात आली. तिने काड्या उपसल्या, केबल बदलली, तीन पिनांचा प्लग लावला, सॉकेटातलं अर्थिंग मीटरने तपासलं. मध्येच हे तोरण सोडायला निघाले. "हिरवी वायर हाय की आपल्याकडं. जुनी चालंल ना?"

"तोरण राहू द्या, काका," ती म्हणाली आणि मेन चालू केला. "आता लावा गंध."

"अनवाणी?"

"अनवाणी."

ह्यांनी एक बोट पुढे केलं आणि डोळे मिटले. एवढ्या वर्षांच्या संसारात देवापुढे ह्यांचे डोळे इतके मनापासून मिटलेले मी पाहिले नव्हते.