सातव्या ग्रीनपासून

वसाहतीच्या गोल्फ मैदानावरचं सातवं ग्रीन सगळ्यात वाईट जळलं होतं. भोकाभोवतीचं ते बारीक कापलेलं गवत कागदी पिशवीच्या रंगाचं झालं होतं. लोवेल प्रूइटचं घर त्याला लागूनच, त्यामुळे रोज सकाळी पडदा सरकवला की पहिलं दर्शन त्याचंच. आठवं जरा बरं, नववं त्याहून बरं, आणि पहिल्या सहांना तर नुसती पिवळी झाक. चाळीस वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला हा उतरता क्रम वाचायला आलेख लागत नाही.

सतरा दिवसांपूर्वी मैदान सांभाळणारा ऑटिस बहिणीच्या अंत्यविधीला जॉर्जियाला गेला होता. गुरुवारी बायकांची स्पर्धा होती आणि गवत फिकट दिसत होतं. लोहाची फवारणी केली की दोन दिवसांत ते गर्द होतं, हे मैदान समितीचा अध्यक्ष म्हणून लोवेलला पाठ होतं. त्याने शेडमधून फवारणीची गाडी काढली, टाकी एकदा विसळली आणि घराजवळचं म्हणून सातव्यापासून सुरुवात करून पहिली सहा शेवटी घेतली. त्या टाकीत आधी तणनाशक होतं. अशी टाकी तीनदा धुवायची असते, नळ्यांसकट. भांडं दोनदाच धुतलं म्हणून याच लोवेलने प्रयोगशाळेत नवख्या पोरांना रडवलं होतं.

गवत पिवळं पडायला आठवडा लागला. तोवर ऑटिस परत आला होता आणि खापर फोडायला माणूस आयताच सापडला.

"अरे, हे ग्रीन आहे की भाजलेला पाव?" वसाहतीतली व्हर्ना स्टोक्स आपली छोटी गाडी थांबवून ओरडली होती. वय ब्याऐंशी, पण आवाज अठराव्या होलपर्यंत जायचा. "लोवेल, तुझा तो ऑटिस झोपा काढतो की काय?"

"समितीत बघू," लोवेल म्हणाला होता. तो एवढंच म्हणाला होता, आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं.

बैठकीच्या दिवशी सकाळी ऑटिस सातव्यावर उकिडवा बसलेला दिसला. लोवेल चपला घालून बाहेर गेला.

"मिस्टर प्रूइट, मी नेहमी पहिल्यापासून अठराव्यापर्यंत फवारतो," ऑटिस गवत चिमटीत धरून म्हणाला. "नळीत उरलेलं विष सगळ्यात आधी बाहेर पडतं. माझ्या हातून झालं असतं, तर पहिलं जळालं असतं."

लोवेलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मग तू... तुला काय वाटतं?"

"मी काही विचारत नाही." ऑटिसने हात झटकले आणि तो निघून गेला.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. भिंतीवर लोवेलच्या नावाची काचेची पाटी होती. नऊ वर्षांपूर्वी अंतिम फेरीत उंच गवतात त्याच्या धक्क्याने चेंडू केसभर हलला होता. कुणी पाहिलं नव्हतं. तरी त्याने स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला आणि त्या एका फटक्याने चषक गमावला. गोल्फमध्ये पंच मागे फिरत नाही. आपला दंड आपणच सांगायचा. त्या प्रामाणिकपणाबद्दल दिलेली ती पाटी नवीन राहायला येणाऱ्याला आवर्जून दाखवत असत.

"ऑटिसला काढायचं, एवढाच ठराव आहे," व्हर्ना म्हणाली. "हात वर करा."

"आधी त्याला बोलू द्या," मागून कोणीतरी म्हणालं.

ऑटिस टोपी हातात धरून उभा राहिला. तो आयुष्यात कधी गोल्फ खेळला नव्हता. "टाकीत तणनाशक होतं आणि मी तिच्यावर चिठ्ठी लावली नाही. बहिणीचा फोन आला, तसाच निघालो. ती चूक माझी आहे." एवढं बोलून तो खाली बसला. त्याने लोवेलकडे पाहिलंसुद्धा नाही.

लोवेल उठला.

"फवारणी मी केली. टाकी मी नीट धुतली नाही. ऑटिस इथे नव्हताच."

व्हर्नाचा अर्धा वर गेलेला हात हळूहळू मांडीवर आला.

"तुला कळलं कधी?" तिने विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज लहान होता.

"ज्या दिवशी पिवळं पडलं, त्याच दिवशी."

"म्हणजे मी त्याला शिव्या देत होते, तेव्हा तू..."

"हो."

ठराव बारगळला. लोवेलने अध्यक्षपद सोडलं. राहा असं कोणी म्हणालं नाही. जाताना त्याने भिंतीवरची पाटी काढली, तेव्हा दार धरून उभ्या असलेल्या दोघांनी नजर दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडवर गेला. "मेलेलं गवत काढून नवीन लावायचं असेल ना? मी येतो मदतीला."

ऑटिसने गवताचे चौकोन कापायची सुरी पुढे केली.

"सातव्यापासून सुरू करा," तो म्हणाला. "तुम्हाला सवय आहे."

लोवेल आपल्याच घराच्या खिडकीसमोर गुडघ्यांवर बसला. रस्त्यावरून व्हर्नाची गाडी आली, जरा मंदावली आणि हॉर्न न वाजवता पुढे गेली.