रुमालाखालचा वकील

खोटं वाटेल, पण आमच्या गहिनीनाथच्या बोकडाला हिंदू विवाह कायद्याचं कलम तेरा येत होतं. येत होतं म्हणजे पोटात होतं. गहिनीनाथची लेक तेजश्री कपिलधारच्या वरच्या माळावर शेळ्या चारताना कायद्याचं पुस्तक मोठ्यानं वाचायची. एका दुपारी ती झऱ्यावर पाणी प्यायला गेली, तेवढ्यात बोकडानं घटस्फोटाची पानं खाल्ली. त्या दिवसापासून तो शेळ्यांपासून लांब, एकटा बसायला लागला. चांगला वर्षभर बसला. एकमतानं घटस्फोट मागायचा तर नवरा-बायको आधी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागतात, हे मला त्या बोकडानं शिकवलं.

पुस्तक आलं शाळेतल्या कायद्याच्या शिबिरातून, तेजश्री सासर सोडून माहेरी आल्यावर. मोहिनी नावाची तरणी वकीलबाई बीडहून स्कूटीवर आली होती. बाकीच्या बाया चहा येईपर्यंत बसल्या, तेजश्री तिचा चहा गार होईपर्यंत विचारत बसली. आंदणात आलेल्या शेळ्या कुणाच्या? बाईच्याच. त्यांची करडं? तीही. लेकरू कुणाकडं राहतं? पाच वर्षांच्या आतलं असलं तर कोर्ट बहुतेक आईकडं देतं, पण शेवटी बघतं ते लेकराचं भलं. आणि वकील? बाईला सरकारातून फुकट मिळतो, कमाई कितीही असो.

निघताना मोहिनीबाई म्हणाली, "कशावरही सही करायच्या आधी मला एक फोन कर."

मी तेजश्रीचा चुलतआजा, ती मला आबा म्हणते. तिला दिंद्रुडला दिली होती, परमेश्वरला. माणूस वाईट नाही. दारू नाही, मारझोड नाही, टेम्पो चालवून इमानानं खायचा. पण अबोल. किती? त्याच्या घरी एक बोलका पोपट आणला होता, तो सहा महिन्यांत मुका झाला. परमेश्वर बोलायचा ते फक्त टेम्पोशी, आणि तेही टेम्पो बंद पडल्यावर. तेजश्रीनं पाच वर्षं भिंतीशी संसार केला. मग चिमुरड्या संस्कृतीला कडेवर घेऊन माहेरी आली आणि म्हणाली, "आता बास." आंदणाच्या शेळ्या मात्र दिंद्रुडलाच राहिल्या.

परमेश्वरचे मामा बंकटअप्पा. मांजरसुंब्याला त्यांचा ढाबा, आणि ढाब्याहून मोठं राजकारण. त्यांनी निरोप धाडला, "दोन वकील कावून लागतात? आपला अंगदराव हाय की. दोघांचा एकच वकील, घरचा माणूस."

आमच्याकडं ही रीतच आहे. बैल घ्यायचा असो की सोयरीक मोडायची असो, मधला माणूस एकच. जनावरांच्या बाजारात दलाल घेणाऱ्याचाही तोच, विकणाऱ्याचाही तोच. गहिनीनाथला बरं वाटलं. मीही म्हणालो, फुकटची वकीलबाई कशी निघंल कुणास ठाऊक, आपला माणूस बरा.

तेजश्री म्हणाली, "बघू."

ठरल्या दिवशी भर दुपारी ढाब्यावर गेलो. आम्ही या कडेच्या लिंबाखाली, परमेश्वर आणि अप्पा त्या कडेच्या पत्र्याखाली. मधे मालट्रकांची रांग, त्यामुळं इकडचं तिकडं ऐकू जाईना. अंगदराव वकिलानं आधी जेवून घेतलं. त्यानं एवढा ठेचा खाल्ला की कानातून वाफ निघाली. दोन ट्रकवाले इंजिन तापलं समजून पाण्याचे कॅन घेऊन पळत आले. मग त्यानं हात धुतले आणि रुमालात हात पुसत पुसत आमच्या बाजेवर येऊन बसला.

"पोरी," आवाज खाली आणून तो म्हणाला, "परमेश्वर लेक मागतोय. लई अडून बसलाय. पण मी तुझाबी वकील हाय ना? तू शेळ्या सोड, पोटगी सोड. मी तुझी लेक सोडवून देतो."

तेजश्रीचा चेहरा उतरला. तिनं संस्कृतीला मांडीवर ओढलं. शेळ्या गेल्या तर गेल्या, हे शब्द तिच्या ओठावर आलेले मी डोळ्यांनी पाहिले.

"कर इचार," म्हणून अंगदराव उठला. हातावर रुमाल तसाच. ट्रकांमधून वाट काढत तो पलीकडं गेला आणि परमेश्वरच्या कानाला लागला. परमेश्वरची मान खाली गेली.

तेजश्री त्या रुमालाकडं बघत होती. मग मला म्हणाली, "आबा, बाजारात दलाल रुमालाखाली हात धरून बोटं दाबतो, तवा घेणाऱ्याला एक आकडा आन इकणाऱ्याला दुसरा, असं व्हतं न्हवं?"

"व्हतंच की. त्यावरच तर त्याचं पोट हाय."

"मग दोन मालक एकमेकांशी कावून बोलत न्हाईत?"

"रीत न्हाई पोरी."

ती उठली. लेकीला कडेवर घेतलं आणि ट्रकांमधून सरळ पत्र्याखाली गेली. मी मागं मागं. असला तमाशा सोडून बसणं माझ्या हाडात नाही.

"अंगदकाका, रुमाल काढा."

"काय?"

"हातावरचा रुमाल काढा, आन आत्ता मला सांगितलं ते ह्यांच्यासमोर सांगा."

बंकटअप्पा दचकले. "अगं, बायामाणसानं असं मधे..."

"आप्पा, ढाबा तुमचा हाय. लेकरू माझं हाय." मग नवऱ्याकडं वळून तिनं विचारलं, "तुमी संस्कृतीला मागताय का?"

परमेश्वर गप्प. तो एवढा गप्प झाला की चुलीवरच्या आमटीनं उकळणं थांबवलं. संस्कृतीनं कडेवरून वाकून बापाच्या शर्टाचं बटण धरलं आणि विचारलं, "मागताय का?"

आणि पाच वर्षांचा बांध फुटला.

"मी कवा मागितली? मी रातंदिस गाडीवर, हिला जेवू कोन घालनार? हे वकील म्हणले, तेजश्री तुला पोरीचं तोंडबी बघू देनार न्हाई. म्हून आधी पोरगीच मागून ठेव, म्हंजी ती खाली येती. मला निस्तं आयतवारी भेटू द्या. दुसरं काय नको."

"आन शेळ्या?"

"तुझ्याच हायेत. मला त्या धार काढू देत न्हाईत, लाथा घालत्यात."

आम्ही सगळे वकिलाकडं बघायला लागलो. अंगदराव रुमालाची घडी घालत म्हणाला, "समझोत्यात असं करावंच लागतं. दोन्हीकडून थोडं थोडं दाबल्याबिगर..."

"काका, समझोता न्हाई, तुमी सौदा करताय. सौद्यात जनावराला कुनी इचारत न्हाई." तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "हे जनावर न्हाई."

अप्पा मुरलेले राजकारणी. त्यांनी लगेच संधी साधली. "मग भांडण उरलंच कुठं बे परमेश्वर? जा बरं दोघं घरी!"

तेजश्री हसली. उत्तर मात्र परमेश्वरनंच दिलं. "न्हाई मामा. घरी गेलो की माझं तोंड परत बंद व्हईल."

"आन मी परत भिंतीशी बोलत बसंन," तेजश्री म्हणाली. "सोडायचं ते सोडायचंच. पर उघड्या हातानं."

तिथंच उभ्या उभ्या तिनं मोहिनीबाईला फोन लावला, आवाज मोठा करून. "मॅडम, सही केली न्हाई. माझं वकीलपत्र तुमच्याच नावाचं."

सगळं ऐकून मोहिनी म्हणाली, "मग एकमतानंच अर्ज करू. खरंच एकमत असेल तर दोघांना एक वकीलही चालतो बरं का."

"चालत असंल. मला माझा येगळा पायजे. मी रागात काय सोडाया निघाले, तर 'थांब' म्हणनारं मानूस पायजे. ते दोघांचं असून कसं भागंल? ह्यांनीबी ह्यांचा बघावा."

परमेश्वरनं मान हलवली आणि मग आठवण झाल्यासारखं तोंडानंही म्हणाला, "बघतो."

तेजश्रीनं बीडला कायदा मदतीच्या कचेरीत अर्ज दिला. मोहिनीचं नाव तिथल्या यादीवर होतंच. परमेश्वरनं माजलगावचा कुणी वकील धरला. पुढं कोर्टानं दोघांना समोर बसवून विचारलं, तेव्हा तेजश्री न अडखळता बोलली, आणि जिथं तिला राग आला तिथं मोहिनीनं टेबलाखालून तिचा हात दाबला. रुमाल नव्हता. हुकूम झाला: संस्कृती आईकडं, दर आयतवारी बापाची भेट, पोटगी दोघांनी अर्जात लिहिली तेवढी. शेळ्या परमेश्वरनं स्वतःच्या टेम्पोतून आणून सोडल्या. त्या उतरल्या त्या संध्याकाळी बोकड उठला आणि कळपात येऊन बसला. पानं पचली असावीत.

आता दर आयतवारी परमेश्वर कपिलधारला येतो. धबधब्याजवळच्या दगडावर संस्कृती त्याला समोर बसवते आणि विचारत सुटते. टेम्पो रडतो का? पोपटाला काय झालं? तो सगळ्याची उत्तरं देतो. मागच्या खेपेला बाप-लेक एवढं बोलले की धबधब्याला आपला आवाज ऐकू येईना, म्हणून तो जरा बाजूला सरकून पडायला लागला.

तेजश्री वरच्या माळावरून हाक मारते, "संस्कृती, बास! त्यांला जाऊ दे, अंधार पडंल!"

"थांब की आई," खालून आवाज येतो, "आजून बाबांचं झालं न्हाई."